भिंतीवरच्या नकाशाआधी फरशीवरचा नकाशा : तिसरी-चौथीला भूगोल शिकवायला घेताना

तिसरीच्या वर्गात भारताचा नकाशा टांगा आणि विचारा, "उत्तर कुठे?" बहुतेक बोटं नकाशाच्या वरच्या कडेकडे जातील. मग नकाशा काढून घ्या आणि पुन्हा विचारा, "आता उत्तर कुठे?" काही मुलं छताकडे बघतील, काही फळ्याकडे. 'नकाशात वर उत्तर' हे वाक्य त्यांना पाठ असतं. उत्तर ही आपल्या पायाखालच्या जमिनीवरची दिशा आहे, हे मात्र कुणी दाखवलेलं नसतं.

नव्याने रुजू झालेले शिक्षणसेवक, खाजगी शाळेतले नवे शिक्षक आणि परदेशात रविवारच्या मराठी शाळेत मुलांना महाराष्ट्र समजावून देणारे पालक यांच्यासाठी हा क्रम लिहिला आहे. परिसर अभ्यासाच्या पुस्तकाला समांतर तो वर्षभर चालवता येतो. तिसरीचं हे पुस्तक महाराष्ट्रात जिल्हावार निघत आलं आहे, ही मोठी सोय आहे. तरीही पुस्तकातला जिल्ह्याचा नकाशा पहिल्याच आठवड्यात उघडू नका. आधी वर्ग, मग पटांगण, मग गाव किंवा वॉर्ड आणि त्यानंतर तालुका-जिल्हा असं जा.

आधी जमवायचं सामान

- साधं होकायंत्र, एक
- सुतळी, १० मीटर. दर मीटरला गाठ आणि गाठीवर रंगीत चिंधी
- ५० सेंटिमीटरची सरळ काठी, खिळा आणि ओळंबा (दोऱ्याला बांधलेला दगडही चालतो)
- चौकटीची वही, प्रत्येक मुलाची स्वतःची
- रंगीत खडू, जुन्या कॅलेंडरचे पाठकोरे कागद
- २ लिटरची सरळ भिंतीची प्लॅस्टिकची बाटली
- ७५ × ७५ सेंटिमीटरची फळी, दोन-तीन घमेली माती, पाणी शिंपडायला छिद्रं पाडलेली बाटली
- भारताचा, राज्याचा आणि जिल्ह्याचा भिंतीवरचा नकाशा, पृथ्वीगोल

कागदपत्रं अशी : गावाचा नकाशा तलाठी कार्यालयात पाहायला मिळतो, शिवाय राज्याच्या महाभूनकाशा संकेतस्थळावर जमिनीच्या गट क्रमांकांनुसार दिसतो. परिसर भेटीसाठी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांचं संमतिपत्र आणि सोबत प्रथमोपचार पेटी घ्या. भेट शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आधी मांडली, तर सोबतीला दोन पालक सहज मिळतात. वीस-पंचवीस मुलांना घेऊन एकट्याने ओढ्यावर जाऊ नका.

१. दिशा फरशीवर उतरवा

शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी होकायंत्राने वर्गाच्या मध्यभागी उत्तर-दक्षिण रेषा आखा. होकायंत्र लोखंडी टेबलावर, कपाटाजवळ किंवा मोबाइलशेजारी ठेवलं की सुई भरकटते. म्हणून ते फरशीवर ठेवा, लोखंडापासून दीड-दोन मीटर लांब, आणि दोन-तीन ठिकाणी तपासून पाहा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक आहे, शाळेपुरता तो सोडून द्या. रेषा ऑइलपेंटने काढलीत, तर वर्षभर टिकते.

रोज परिपाठानंतर दोन मिनिटं पुरतात. मुलांना पूर्वेकडे तोंड करून उभं करा : पाठीमागे पश्चिम, डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण. हे जमलं की तोंड बदला. उत्तरेकडे तोंड, मग दक्षिणेकडे. इथेच मुलं अडखळतात, कारण 'डावा हात म्हणजे उत्तर' एवढंच त्यांनी धरलेलं असतं. आठवडाभर फिरवून फिरवून उभं केल्याशिवाय हे सुटत नाही. उपदिशा दुसऱ्या आठवड्यात घ्या : ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य. वर्गाच्या चार कोपऱ्यांना ही नावं देऊ नका. बऱ्याच खोल्या दिशांना तिरक्या बांधलेल्या असतात, कोपरा खरोखर ईशान्येला असतोच असं नाही.

'सूर्य उगवतो ती पूर्व' हे वाक्य जपून वापरा. सूर्य अगदी नेमका पूर्वेला उगवतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास. शाळा सुरू होते त्या जूनमध्ये महाराष्ट्रात तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकलेला असतो, डिसेंबरअखेर तेवढाच दक्षिणेकडे. घराच्या खिडकीतून सूर्य पाहून पूर्व सांगणाऱ्या मुलाची दिशा म्हणूनच चुकते. त्याला चूक ठरवू नका. त्याच खिडकीतून सूर्य कुठल्या झाडामागून किंवा इमारतीमागून उगवतो, ते दर महिन्याला वहीत टिपायला सांगा. वर्षाअखेरीस हीच नोंद त्याला सगळ्यांत जास्त शिकवून जाते.

२. काठीच्या सावलीचा प्रयोग हिवाळ्यात करा

बरेच नवे शिक्षक हा प्रयोग उत्साहाने जूनमध्येच घेतात आणि फसतात. एक तर आभाळ भरलेलं असतं. दुसरं म्हणजे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबई-पुण्यात भरदुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळे सावली आखूड पडते आणि तीही दक्षिणेला. 'दुपारची सावली उत्तरेला पडते' असं सांगून बसलात, तर मुलं गोंधळतात.

नोव्हेंबर ते जानेवारी हा योग्य काळ. पटांगणात उघडी, सपाट जागा निवडा. ५० सेंटिमीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. बुंध्याला सुतळी बांधून ६० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा. सकाळी सावली लांब असते, ती आखडत जाते. तिचं टोक बाहेरून येऊन वर्तुळाला शिवेल, तिथे खूण करा. दुपारनंतर सावली पुन्हा लांबते. टोक वर्तुळाबाहेर पडेल, तिथे दुसरी खूण करा. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते, तिला काटकोनात उत्तर-दक्षिण. डिसेंबरअखेरीस पुण्याच्या आसपास पहिली खूण पावणेअकराच्या सुमारास येते, दुसरी अडीचच्या आसपास. म्हणजे दोन्ही शाळेच्या वेळेत. नागपूरकडे दोन्ही खुणा लवकर येतात, दुसरी पावणेदोनच्या सुमारास.

घड्याळात बारा वाजताची सावली सर्वांत आखूड असेल असं गृहीत धरू नका. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. मुंबई या रेखावृत्ताच्या जवळजवळ दहा अंश पश्चिमेला आहे, म्हणून तिथली माध्यान्ह सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी होते, नागपूरची १२ वाजून १४ मिनिटांच्या सुमारास. शिवाय ऋतूनुसार ही वेळ पाव तासापर्यंत मागेपुढे होते. मुलांना यातलं काही सांगायची गरज नाही, पण 'बरोबर बाराला सावली मोजा' असं फळ्यावर लिहू नका. आखूड सावली कुठली, ते त्यांनाच खुणा करत शोधू द्या.

सावलीने मिळालेली रेषा वर्गातल्या ऑइलपेंटच्या रेषेला समांतर आहे का, ते शेवटी सुतळी ताणून पाहा. जूनपासून पायाखाली असलेली रेषा खरी निघाली की मुलांना ती आपली वाटू लागते.

३. वरून बघायला शिकवा

नकाशा म्हणजे वरून पाहिलेली जागा. मुलं जन्मापासून समोरून बघत आलेली असतात, म्हणून वर्गाचा नकाशा काढायला सांगितला की बाकाला चार पाय येतात, दार आडवं पडलेलं असतं आणि देवळावर कळस झळकतो. तिसरीत हे व्हायचंच.

उपाय सोपा आहे. जेवणाचा डबा कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवा, डबा उचला. उरलेली आकृती म्हणजे डब्याचा नकाशा. मग पाण्याची बाटली, कंपासपेटी, डस्टर. कोणाची आकृती कोणती ते ओळखायचा खेळ घ्या. उभी बाटली आणि आडवी बाटली यांच्या आकृत्या वेगळ्या येतात, तिथे थांबा आणि भरपूर बोलू द्या. गच्ची असेल, तर कठड्याची उंची पाहून दहा-दहांच्या गटाने पटांगण वरून दाखवा.

४. प्रमाण : पावलापासून सेंटिमीटरपर्यंत

आधी पावलांनी मोजा. वर्गाची लांबी एकाची चौदा पावलं भरते, दुसऱ्याची अकरा. हा गोंधळ मुद्दाम होऊ द्या. 'मग खरी लांबी किती?' हा प्रश्न मुलांकडूनच येतो आणि गाठींची सुतळी काढायची वेळ हीच.

वर्ग समजा ६ मीटर × ५ मीटर भरला. चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे अर्धा मीटर ठरवा. वर्ग १२ × १० चौकटींचा होतो. दार, खिडक्या, फळा, टेबल मोजून बसवा. बाकं सगळी काढायला लावू नका, एक रांग पुरे. वहीत डोकं घालण्याआधी दिशेचा बाण काढायचा, हा नियम करा. नंतर काढू म्हटलं की तो राहूनच जातो.

पटांगणासाठी सुतळी अपुरी पडते. २० मीटर अंतर आखून प्रत्येक मुलाला नेहमीच्या चालीने चालायला लावा. चाळीस पावलं पडली, तर त्याचं पाऊल अर्ध्या मीटरचं. या वयात पाऊल साधारण तेवढंच भरतं. मुलं मोजताना मुद्दाम लांब ढांगा टाकतात, म्हणून दोनदा चालवून पाहा. चौथीच्या मुलांना भागाकार येतो, तिसरीला आयता तक्ता द्या.

वही उत्तरेकडे वळवून काम करायचं, हेही याच पायरीवर अंगवळणी पाडा. नकाशातली उत्तर आणि जमिनीवरची उत्तर एका रेषेत आली की 'उजवीकडचं झाड' नकाशातही उजवीकडेच येतं.

५. गावाची फेरी आणि खुणांची सूची

फेरी दीड तासाची ठेवा, अंतर एक किलोमीटरच्या आत. आदल्या दिवशी स्वतः चालून पाहा : कुठे कुत्री आहेत, कुठे रस्ता ओलांडावा लागतो, सावली कुठे आहे. गावात चावडी, पार, ओढा, पाणंद, विहीर, दूध डेअरी, ग्रामपंचायत, शाळा. शहरात पोस्ट, बसथांबा, नाला, रेशन दुकान, दवाखाना, बाजार. आठ-दहा खुणा पुरेत. प्रत्येकीचं चिन्ह मुलांनाच ठरवू द्या, पण चिन्ह एकदा ठरलं की वर्गभर तेच. सूचीशिवाय नकाशा स्वीकारायचा नाही.

नावं लिहिताना एक गोष्ट मनापासून जपा. अनेक गावांत वस्त्या जातीच्या नावाने ओळखल्या जात. अशी नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. मुलं घरात ऐकलेलं जुनं नाव सहज लिहितात. त्यांना न रागावता नवं नाव सांगा, आणि ते माहीत नसेल तर फेरीआधी ग्रामपंचायतीत विचारून घ्या. त्या वस्तीतलं मूल तुमच्याच वर्गात बसलेलं असतं.

रंगांबाबत भारतीय सर्वेक्षण विभागाची पद्धत वापरा : पाण्याला निळा, झाडीला हिरवा, शेतीला पिवळा, वस्तीला आणि पक्क्या रस्त्याला लाल. पुढच्या सापळ्याची तयारीही इथेच करा. भिंतीवरच्या प्राकृतिक नकाशात हिरवा म्हणजे जंगल नसतं, कमी उंचीची जमीन असते. पिवळा आणि तपकिरी म्हणजे वाढती उंची. हे न सांगितल्यास मुलं गंगेचं मैदान म्हणजे मोठं जंगल समजतात आणि तपकिरी सह्याद्री त्यांना उजाड वाटतो. कुठलाही नकाशा उघडला की पहिलं बोट सूचीवर गेलं पाहिजे.

उपग्रहचित्र दाखवायचं असेल, तर मुलांचा स्वतःचा नकाशा पूर्ण झाल्यावर दाखवा. आधी दाखवलंत, तर ती नुसतं गिरवतात. मोबाइलवरचा नकाशा बोट लागलं की फिरतो, त्यामुळे उत्तर वर आहे याची खात्री करून त्याची छापील प्रत घ्या. मुंबईच्या शाळांसाठी एक छान जोड : लोकलच्या डब्यातला स्थानकांचा तक्ता आणि खरा नकाशा शेजारी ठेवा. तक्त्यात सगळी स्थानकं सारख्या अंतरावर आणि सरळ रेषेत दिसतात. क्रम सांगायला तो उत्तम, अंतर मोजायला निरुपयोगी. हा फरक चौथीतलं मूल स्वतः शोधून काढतं.

६. पाणी कुठे वाहतं? चढ-उतार आणि मातीचा महाराष्ट्र

या पायरीला घाई करू नका, दोन आठवडे द्या.

'वर काश्मीर, खाली कन्याकुमारी' असं आपण बोलून जातो आणि मुलं वर-खालीचा अर्थ उंचीशी जोडतात. मग सगळ्या नद्या नकाशात वरून खाली, म्हणजे दक्षिणेकडे वाहतात अशी त्यांची समजूत होते. तापी पश्चिमेला कशी जाते, हे कोडं पडतं. वर्गात 'नकाशात वर' हे शब्द बंदच करा, 'उत्तरेकडे' म्हणा. 'वर' आणि 'खाली' हे शब्द फक्त उंचीसाठी राखून ठेवा. बोलीत ते तसेच आहेत : कोकणातला माणूस 'वर घाटावर' जातो, गावाला वरची आळी आणि खालची आळी असते. वरची आळी वरची का, ते मुलांना विचारा. पावसाचं पाणी कुठून कुठे जातं, हे त्यांना पाठच असतं.

पावसाळ्यात पटांगणातले ओघळ दाखवा, ते कुठे मिळतात ते खडूने आखा. शाळेच्या दारातलं पाणी कोणत्या ओढ्याला, ओढा कोणत्या नदीला, नदी कोणत्या समुद्राला, ही साखळी मुलांकडूनच पूर्ण करून घ्या.

मग मातीचा महाराष्ट्र. ७५ सेंटिमीटरच्या फळीवर राज्य पूर्व-पश्चिम बसवलं, तर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण १० ते ११ किलोमीटर होतात. निव्वळ काळी माती घेऊ नका. ती ओली असताना फुगते, वाळताना आकसते आणि दुसऱ्या दिवशी भेगा पडतात. लाल माती किंवा शाडू घ्या आणि त्यात थोडी वाळू व भाताचं तूस मिसळा. पश्चिमेला चार-पाच सेंटिमीटर रुंदीची सखल पट्टी म्हणजे कोकण. तिला लागून एकदम उभी चढणारी सह्याद्रीची भिंत, आणि तिथून पूर्वेकडे हळूहळू उतरत जाणारं पठार. मुलं हमखास सह्याद्री त्रिकोणी काढतात, दोन्ही बाजूंना सारख्याच उताराचा. ही चूक तिथल्या तिथे हाताने दुरुस्त करून घ्या, कारण पुढचं सगळं या एका आकारावर अवलंबून आहे.

उंचीबाबत मुलांना खरं सांगा. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. या प्रमाणात ती दीड मिलिमीटरच भरेल. आपण चार-पाच सेंटिमीटरचा डोंगर करतो, म्हणजे उंची पंचवीस-तीस पट वाढवून दाखवतो.

आता सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी शिंपडा. पश्चिमेचं पाणी झरझर समुद्राला मिळतं : उल्हास, सावित्री, वाशिष्ठी अशाच आखूड आणि वेगवान. पूर्वेचं पाणी वळत-वळत लांब जातं. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावणाऱ्या गोदावरीला अरबी समुद्र जवळ असूनही ती सुमारे १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला का मिळते, याचं उत्तर फळीवर डोळ्यांनी दिसतं. लगेच पश्चिमेकडून हाताने वाऱ्याची दिशा दाखवा : नैऋत्य मोसमी वारे भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस तिथेच पडतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि तीसेक किलोमीटर पूर्वेच्या वाईत हजाराच्याही आत. वाऱ्याचं नाव तो जिथून येतो त्या दिशेचं असतं, हे इथे दोनदा सांगा. मुलं नेहमी उलट धरतात.

७. बाटलीचं पर्जन्यमापक

बाटलीचा वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवा, नरसाळं तयार होतं. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून तळाशी खडे टाका आणि ते बुडेपर्यंत पाणी भरून तिथे शून्याची खूण करा. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच ठेवा, नाहीतर शिंतोडे आत उडतात. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या दुप्पट तरी अंतर राखा. नोंद रोज एकाच वेळी घ्या; हवामान खातं सकाळी साडेआठला घेतं, तुम्ही परिपाठाच्या वेळी घ्या. नोंद झाली की पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणा, हे विसरल्याने बहुतेक शाळांचे आकडे चुकतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. छताचं क्षेत्रफळ काढून किती हंडे पाणी पडलं, ते चौथीला काढता येतं.

८. आता भिंतीवरचा नकाशा

टांगण्याआधी तपासा. महाराष्ट्राच्या नकाशावर ३६ जिल्हे मोजा. पालघर दिसत नसेल, तर तो १ ऑगस्ट २०१४ पूर्वीचा आहे. भारताच्या नकाशावर तेलंगणा (२०१४) आणि लडाख (२०१९) वेगळे आहेत का पाहा. आज २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नवी नावं जुन्या नकाशावर नसतात. नकाशा फेकू नका, पण नव्या नावाची चिठ्ठी चिकटवा. आजी-आजोबांच्या तोंडी जुनं नाव असतं, म्हणून मुलांना दोन्ही ओळखता यावीत. इंटरनेटवरून उतरवलेल्या नकाशात देशाच्या सीमा अनेकदा चुकीच्या असतात; भारतीय सर्वेक्षण विभागाचाच नकाशा वापरा.

नकाशा उत्तरेकडच्या भिंतीवर लावा. दक्षिणेच्या भिंतीवर लावलात, तर मुलांच्या डाव्या हाताला खरी पूर्व असते आणि नकाशात मात्र पूर्व उजवीकडे. उत्तरेला जागा नसेल, तर नकाशा फरशीवर, रंगवलेल्या रेषेला जुळवून अंथरा आणि मुलांना कडेने बसवा. खरं तर पहिले दोन तास असेच घ्यावेत.

जिल्ह्याचा नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवून तालुके कापा, जोडकोडं तयार होतं. मग दोरा घ्या. आपल्या गावापासून मामाच्या गावापर्यंत सरळ दोरा ताणून अंतर काढा, नंतर तोच दोरा रस्त्याच्या वळणांवरून फिरवून पुन्हा मोजा. घाटातला रस्ता असेल, तर फरक मोठा येतो. एसटीला किती वेळ लागतो, ते घरी विचारून यायला सांगा आणि सपाटीवरच्या तेवढ्याच अंतराशी ताडून पाहा.

पृथ्वीगोल चौथीत थोडाच वापरा. ३० सेंटिमीटरच्या गोलावर महाराष्ट्र दोन सेंटिमीटरही भरत नाही, हे दाखवणं आणि बॅटरीच्या उजेडात दिवस-रात्र फिरवून दाखवणं, एवढं पुरे. परदेशातल्या मराठी शाळांत मात्र गोलापासून आजीच्या गावापर्यंत उलटा प्रवास करायला हरकत नाही, पण दिशा आणि पावलं त्यांनीही आपल्या अंगणातच मोजावीत.

९. समजलं का, ते कसं पाहायचं

लेखी परीक्षेत 'उत्तरेला काय आहे' विचारून हे कळत नाही. मुलाला एकेकटं बोलवा, दोन-दोन मिनिटं पुरतात.

- डोळे मिटून तीनदा गोल फिर, डोळे उघड, ईशान्येकडे हात कर.
- हा पटांगणाचा नकाशा उलटा धरला आहे. आधी तो नीट वळव, मग नळ दाखव.
- नकाशात हे दोन सेंटिमीटर आहे, प्रमाण एक सेंटिमीटरला पाच मीटर. तेवढं चालून दाखव.
- वाहत्या ओढ्यात पान सोडलं, तर ते कुठल्या गावाकडे जाईल?

दुसरा प्रश्न सर्वांत अवघड जातो. तिथे अडलेल्या मुलाला पुन्हा पाठांतराकडे नेऊ नका. त्याला वही घेऊन पटांगणात न्या, वही तिथे सावलीने आखलेल्या उत्तर-दक्षिण रेषेला समांतर धरायला लावा आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.